हजेरीत नसलेला गडी

दानम्माच्या पोरीला ऐकू येत नाही हे घरच्यांना कळायला चार वर्षं लागली, आणि कळलं तेही लाईट गेली म्हणून.

हसू नका. इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये कधी उभे राहिला असाल तर हसणार नाही. पत्र्याखाली ओळीनं माग धडाडत असतात. शेजारच्याच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी त्याला फक्त थुंकी पोचते. म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात. सूत तुटलं की दोन बोटांची कात्री. माग बंद कर म्हणायचं तर दोन्ही हात वर करून झपकन खाली. मालक आला की पोटावरून हात फिरवायचा, कारण मालक आधी पोटानंच आत येतो. ओठ वाचायचे, भुवया वाचायच्या. शिव्यासुद्धा हातानं, आणि त्या तोंडच्या शिव्यांपेक्षा जास्त झोंबतात.

दानम्मा तिथं कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायचं सूत गुंडाळायची. नवरा मल्लेश माग चालवायचा. पोरगी शिवांजली, घरची अंजी, सुताच्या पोत्यावर बसून हे सगळं बघत वाढली. दोन वर्षांची असताना ती हातानं पाणी मागायची, भाकरी मागायची, बापाला लांबूनच ‘मालक आला’ म्हणून सांगायची. शेडमधली माणसं म्हणायची, पोरगी लई हुशार. तिला ऐकू येत नाही हे कुणाच्या ध्यानात येणार? तिथं ऐकत होतं कोण? घरी यावं तर दिवसभराच्या धडधडीनं आईबापाचेच कान बधिर झालेले. निम्मं बोलणं तिथंही हातानंच चालायचं. सासू तेवढी अधूनमधून म्हणायची, “पोर अजून बोलत न्हाय गं.” त्यावर दानम्मा म्हणायची, “तुमचा ल्योक तरी कुठं बोलतोय?”

मग एका दुपारी लाईट गेली. सगळे माग एका दमात गप्प झाले. माणसं घाम पुसत गप्पा मारायला लागली. दानम्मानं हाक मारली, “अंजे, चल भाकरी खाऊ.” पोरगी पाठमोरी. परत हाक. मल्लेशनं उठून पत्र्याचा डबा तिच्या पाठीमागं धाडकन आपटला. अख्खी शेड दचकली. अंजी सुताच्या गुंत्याशी खेळत राहिली.

कधी एकदा लाईट येते आणि माग परत सुरू होतात, असं दानम्माला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं.

कोल्हापूरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, जन्मापासनं आहे. पावण्यारावळ्यांनी न तपासताच सांगितलं, मागच्या जन्माचं आहे. दानम्मानं डॉक्टरचं ऐकून घेतलं, पावण्यांना चहा पाजून वाटेला लावलं, आणि पोरगी सात वर्षांची झाल्यावर तिला तेल-वेणी करून ओढ्याकाठच्या शाळेत घेऊन गेली.

तिथले हेडमास्तर बाळासो मास्तर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. मास्तर भित्रे होते. वरून कागद येईल, कुणीतरी जाब विचारील, या भीतीनं त्यांच्या सफारीच्या काखा बाराही महिने ओल्या असायच्या.

“मुक्या पोरांची शाळा निराळी असती, बाई. तिकडं घाला,” ते म्हणाले.

“कुठं हाय ती?”

“लांब हाय. राहायची सोय असती तिथं. ठेवून यायचं.”

“तुमची ठेवशीला का, सात वर्षाची?”

मास्तर खाकरले. “अवो, चांगली शाळा असती ती.”

“असंल की चांगली. पर माझ्या पोरीचं सगळं बोलणं ह्या गल्लीत हाय. हितलं पोरगं न् पोरगं मागावरचं. सगळ्यांच्यासंगं ती हातानं बोलती. तिकडं जाऊन ती नव्यानं मुकी हुईल, त्याचं काय?”

मास्तरांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला आणि मग आपल्या परीनं मोठं मन केलं. “बरं, बसू द्या वर्गात. नाव मात्र घालता येणार न्हाय. नाव घातलं की परीक्षा आली, निकाल आला, वर उत्तर देणं आलं. बसू द्या नुसती.”

त्याच्या किती वर्षं आधी, हा हिशेब सोडा. अशा पोरांना शाळेत जागा द्या म्हणून सांगणारा कायदा दिल्लीत झालेला होता. पण कायदा दिल्लीहून निघतो आणि वाटेत कुठंतरी चहाला थांबतो. ओढ्याकाठच्या शाळेत तो पोचलाच नव्हता. अंजी ‘नुसती’ बसू लागली. पोरं पहिलीतून दुसरीत सरकली तशी तीही सरकली. परीक्षेला कागद मिळायचा, तो कुणी तपासायचं नाही. शाळेतून पोरांना महिन्याचा तांदूळ मिळायचा, तो अंजीला नाही. एकदा शाळेत फोटोवाला आला, तेव्हा मास्तरांनी तिला पाणी आणायला पाठवलं. पाच वर्षं पोरगी शाळेत होती आणि शाळेच्या लेखी ती जन्मलीच नव्हती. दर जूनला दानम्मा जायची आणि विचारायची, “मास्तर, नाव?” दर जूनला मास्तर म्हणायचे, “बघू.”

आणि अंजी सहावीत ‘बसायला’ लागली त्या वर्षी त्रिशलाबाई आल्या.

बाई कोल्हापूरच्या, नव्यानं लागलेल्या, पोरीबाळींसारख्या भरभर चालणाऱ्या. पहिल्या दिवशी वर्ग एकदम शांत बसलेला बघून बाई खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी त्या फळ्यावर लिहितालिहिता अचानक वळल्या आणि त्यांना दिसलं की अख्खा वर्ग हातानं बडबडतोय. पाठीमागच्या बाकावरून पुढच्या बाकावर, खिडकीतून दारात, धो धो गप्पा. आणि त्या सगळ्यात जास्त बोलणारी पोरगी तीच, जिला सगळे मुकी म्हणत होते.

दुसऱ्या कुणी बाई असत्या तर छडी निघाली असती. त्रिशलाबाईंनी खडू ठेवला आणि विचारलं, “मला शिकवाल का रे हे?”

मग काय विचारता! महिन्याभरात बाई हातानं पाढे घ्यायला लागल्या. बोलताना तोंड वर्गाकडं, लिहून झालं की बाजूला सरकायचं, म्हणजे अंजीला ओठही दिसतात आणि फळाही. एवढंच. ह्याला ना अनुदान लागलं ना अधिकारी. बाईनं तोंड फिरवलं, की पोरगी शिकली. पाच वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं.

बाई स्वतः खो-खो खेळलेल्या. त्यांनी पोरींचा संघ बांधला. कप्तान भाग्यश्री, मल्लेशच्या शेजारच्या मागावरच्या माणसाची पोरगी, बोलायला तिखट आणि पळायला वारा. आणि आक्रमणाला पाटीवर बसायला अंजी. खो-खोत पाठीवर हात पडला की उठायचं. त्याला कान कशाला? पंचाची शिट्टी वाजली की बाकीच्या आठजणी दोन्ही हात वर करून झपकन खाली आणायच्या. माग बंद. अंजी जागेवर थांबायची. पळणारी कुठं आहे, कुठल्या खुंटाकडं वळणार, हे पोरी बसल्या जागेवरून बोटांनी एकमेकींना सांगायच्या. समोरच्या संघाला काही पत्ता लागायचा नाही. तालुक्याची ढाल त्यांनी अशी उचलून आणली, की बाळासो मास्तरांनी ती आपल्या खोलीत खुर्चीच्या मागं लावली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजला.

आता जिल्ह्याचा अंतिम सामना कोल्हापुरात, गांधी मैदानावर. प्रत्येक पोरीच्या ओळखपत्रावर हेडमास्तरांची सही पाहिजे की ही आमच्या शाळेची विद्यार्थिनी आहे. तालुक्याला कुणी कार्ड बघितलं नव्हतं. जिल्ह्याला बघणार होते.

दानम्मा शाळेत जाऊन उभी राहिली. “मास्तर, नाव?”

“अवो, आता काय नावाचं काढलंय? कार्डावर सही करतो की.”

“म्हंजे शाळेची झाली न्हवं?”

“ते खेळापुरतं.”

“खेळापुरती तुमची, आणि तांदळाला आमची व्हय?”

मास्तरांनी घड्याळ बघितलं, ढालीकडं बघितलं. “बरं, असं करू. ढाल घेऊन या कोल्हापूरची. मग बघू.”

दानम्मानं मान हलवली. पाच वर्षांत ‘बघू’ला पहिल्यांदाच काहीतरी अट लागली होती. पण बाहेर येताना तिच्या डोक्यात सणक गेली. बाकीच्या अकराजणी शाळेत आहेत त्या काय ढाल जिंकून आल्यात? ह्यांच्या दारात पाय ठेवायला माझ्याच पोरीनं जिल्हा मारून यायचा?

सामन्याच्या दिवशी नशीब उघडलं. इचलकरंजीत आठवड्यातला वीजबंदचा वार होता. माग बंद, गल्ली मोकळी. पोरी टेम्पोत, आणि टेम्पोच्या मागं मिळेल त्या गाडीला लटकून निम्मी शेड कोल्हापुरात उतरली. गांधी मैदान बघून दानम्माचे डोळे फिरले. केवढं ते मैदान! पायऱ्यांवर ही गर्दी! समोरचा संघ कोल्हापूरच्या एका मोठ्या शाळेचा. पांढरे बूट, निळे ड्रेस, एकसारख्या वेण्या. आपल्या पोरी अनवाणी.

“बूट न्हाईत व्हय ओ तुमच्या पोरींना?” शेजारच्या पावण्यानं विचारलं.

“पाय हाईत की,” दानम्मा म्हणाली.

नाणं उडलं. आपल्या पोरी आधी आक्रमणाला बसल्या. शिट्टी झाली आणि भाग्यश्री सुटली. एक खो, दुसरा खो, तिसऱ्याला पाठीवर हात पडला तो अंजीच्या. अंजी बाणासारखी उठली, दोन ढांगांत निळ्या ड्रेसवालीच्या मागं लागली, आणि ती वळल्याबरोबर पुढच्या पोरीच्या पाठीवर थाप देऊन अंजीनं खो दिला.

आता खो म्हणजे नुसती थाप नाही. तोंडानं ‘खो’ म्हणावंच लागतं. अंजीच्या गळ्यातून जो आवाज आला तो घशात अडकलेला, घोगरा, अर्धवट. तालुक्याला कुणी कान दिला नव्हता. इथं पायऱ्यांवर हशा पिकला. आणि शिट्टी वाजली. फाऊल.

परत खेळ. परत अंजीचा खो, परत तो आवाज, परत शिट्टी. दानम्माच्या मागं बसलेली कॉलेजची चार टारगट पोरं तो आवाज काढून दाखवायला लागली. दानम्मा वळली.

“काय रं, दात लई आल्यात का?”

“न्हाय मावशी, आपलं सहज...”

“सहज एकेक पाडून देऊ का?”

तेवढ्यात खाली मैदानात वेगळंच पेटलं. निळ्या संघाचे सर, पांढरी टोपी घातलेले, टेबलाकडं पळत गेले. टेबलावर माईक सुरूच होता, त्यामुळं त्यांचं बोलणं अख्ख्या मैदानाला ऐकू आलं.

“आमची हरकत आहे! ह्या मुलीला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, आणि ही म्हणे सहावीत शिकते? बाहेरून आणलेली खेळाडू आहे ही. विचारा ह्यांच्या हेडमास्तरांना, हजेरीत नाव आहे का हिचं?”

बाळासो मास्तर पुढच्याच रांगेत बसले होते. त्यांना उठवून टेबलापाशी नेलं. सफारीच्या काखांचा ओला डाग आता कमरेपर्यंत उतरला होता. नाही म्हणावं तर संघ बाद, ढाल गेली. हो म्हणावं तर पाच वर्षं जे टाळलं ते गळ्यात. दानम्मा पायऱ्या उतरून थेट मैदानाच्या रेघेपर्यंत गेली. पाटीवर आठही पोरी जागच्या जागी बसलेल्या, आणि अंजी मधोमध उभी राहून एकेकाचे ओठ वाचत होती.

मास्तरांनी माईककडं बघितलं. मग पोरींकडं बघितलं. आणि देव जाणे कुठून, त्यांच्या तोंडून निघालं, “आमचीच हाय! सहावी ब. पाच वर्षं झाली, आमच्याच शाळेत शिकती ही पोरगी!”

दानम्माला वाटलं आपण ऐकलं, पण मागावरच्या कानांचा काय भरवसा? तिनं पलीकडच्या बाजूला खुंटापाशी उभ्या मल्लेशला हातानं विचारलं: काय म्हणाला? मल्लेशनं दोन्ही हात छातीवर आपटले: आपली म्हणाला! मैदानाच्या मधून गेलेली ती खूण अंजीनंही वाचली. तिनं बापाकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं, आणि तिची मान अशी ताठ झाली, की दानम्माला आपलीच पोर ओळखू येईना.

राहिला आवाजाचा प्रश्न. पंच एक वयस्कर बाई होत्या, केस पांढरे, गळ्यात शिट्टी, रागीट. टोपीवाल्या सरांनी तेही काढलं. “तिचा खो ऐकू येत नाही. नियम काय सांगतो?”

“नियम सांगतो मोठ्यानं म्हणायचं,” पंचबाई म्हणाल्या. “गोड म्हणायचं असं कुठं लिवलंय? मोठ्यानं म्हणू दे, मी धरते. बारीक आलं की फाऊल. चला, खेळा.”

पण मोठ्यानं म्हणजे किती, हे जिला कधी काही ऐकूच आलं नाही तिला सांगायचं कसं? त्रिशलाबाई रेघेबाहेरून हात हलवायला लागल्या. भाग्यश्रीनं वाट बघितली नाही. तिनं अंजीचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “खो!” मग तोच हात अंजीच्या गळ्यावर. एवढं हललं पाहिजे. कळलं?

अंजीनं डोळे मिटले आणि आवाज काढला. मैदानाबाहेरच्या भेळवाल्यानं मान वर केली. पायऱ्यांवर आता कुणी हसलं नाही. मघाच्या टारगटांपैकी एकजण ओरडला, “नाद खुळा, मावशी!”

मग जो सामना झाला, त्याला तोड नाही. अंजीचा खो आला की तोफ उडाल्यासारखं व्हायचं, आणि निळ्या ड्रेसवाल्या निम्म्या त्या आवाजानंच बिचकायच्या. शेडमधली माणसं रेघेवर उभी राहून हातानं सांगायला लागली: डावीकडं! खुंटाकडं! सूत तुटलं, ती दमली, धर! पंचबाईंनी दोनदा दटावलं, पण हातानं बोलण्याला काय म्हणून शिट्टी मारणार? निळ्या पोरीही कच्च्या नव्हत्या. त्यांनी त्यांच्या आक्रमणात आपल्या पोरींना असं पळवलं, की भाग्यश्रीचा गुडघा सोलला. शेवटचा डाव उरला तेव्हा बरोबरी करायला पाच गडी बाद करायला हवे होते आणि ढालीला सहा.

एक गेला. दुसरा गेला. तिसरा अंजीनं खुंटाला वळसा घालून उचलला. ती ओरडत होती की नुसते हात हलवत होती, हे तिचं तिलाही कळत नव्हतं. चौथा गेला. आता मैदान उभं राहिलं. समोर निळ्या संघाची कप्तान, उंच, चपळ, पाटीतून सुईसारखी आत-बाहेर करणारी. खो, खो, खो. भाग्यश्री, मग दुसरी, मग पाठीवर थाप, आणि अंजी उठली. निळी कप्तान खुंटाकडं. अंजी तिच्या मागं. अंजीनं अंग झोकून दिलं. मातीचा लोट उठला. त्या लोटातून अंजीचा हात वर आला, निळ्या ड्रेसची कडा घट्ट धरलेला.

बरोबरी!

पण पाटीवरच्या पोरींचे हात वर गेले होते आणि खाली आले होते. माग बंद. शिट्टी अंजीच्या उडीच्या आधी झाली होती. वेळ संपली होती.

एका गड्यानं हरले.

अंजी मातीत बसून हसत होती, मग तिनं एकेकीचे चेहरे वाचले आणि तिचं हसू विझलं. निळ्या संघाची कप्तान तिच्याजवळ आली, तिला हात देऊन उठवलं, आणि स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून मान हलवली. काय आवाज आहे गं तुझा! अंजीला पुरतं कळलं ते.

टेम्पोपाशी मास्तर तोंड पाडून उभे होते. “शिट्टी ऐकू आली असती तर...” ते पुटपुटले.

“तर काय?” दानम्मा म्हणाली. “ऐकू आली असती तर येळ वाढली असती? कानवाल्या अकरा जणींनी ऐकली की शिट्टी. काय केलं त्यांनी? वाढवली?”

“तसं न्हवं...”

“मास्तर, नाव?”

मास्तरांनी टेम्पोच्या चाकाकडं बघितलं. “ढाल आणली असती तर गोष्ट निराळी होती. आता... बघू पुढच्या जूनला.”

दानम्मा काही बोलायच्या आत भाग्यश्री पुढं आली. सोललेल्या गुडघ्यानं ती टेम्पोच्या पुढ्यात रस्त्यावर खो-खोच्या बैठकीत बसली, तोंड उत्तरेकडं. तिच्या शेजारी दुसरी बसली, तोंड दक्षिणेकडं. मग तिसरी. बाराच्या बारा जणी पाटीवर बसतात तशा रस्त्यावर बसल्या. अंजीही बसली. टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला. एकही हलली नाही.

“अगं उठा की!” मास्तर ओरडले. “बाई, उठवा ह्यांना!”

त्रिशलाबाई म्हणाल्या, “खो दिल्याशिवाय उठायचं नाही असं मीच शिकवलंय, सर.”

आणि दानम्मा पेटली. “हरलेल्या पोरीचं नाव घालायचं न्हाय, व्हय? मग सगळ्याच हरल्यात. बाराजणींची नावं काढा! आणि तुमचंबी काढा, तुमीबी हरलाय!”

“दानम्मा, हळू बोला की. लोक बघत्यात.”

“मागावरची बाई हाय मी. हळू म्हंजे काय असतंय? बघू द्यात. मघाशी माईकवर सांगितलंसा, आमचीच हाय म्हणून. कार्डावर सही हाय तुमची. आता नाव न्हाय म्हणताय म्हंजे ती सही खोटी. चला टेबलाकडं. मीच सांगते त्या टोपीवाल्या सरांना, की तुमचं खरं हुतं, पावणं. आणि वाटेत तालुक्याची ढालबी काढून द्या परत, तीबी खोट्या पोरीनंच जिंकलीया.”

मास्तरांचा चेहरा सुकलेल्या भाकरीसारखा झाला. माणूस उभं आयुष्य सही करायला भीत आला, आणि एकदाच केलेल्या सहीनं त्याला पकडलं. टोपीवाले सर खरंच लांबून इकडं बघत होते. मास्तर त्यांच्याकडं बघून कसंनुसं हसले आणि दानम्माला म्हणाले, “सोमवारी या. घालतो.”

“सोमवारी न्हाय. आत्ता. आमी टेम्पोतच हाय.”

टेम्पो थेट शाळेच्या दारात थांबला. दिवस मावळतीला लागलेला. मास्तरांनी कपाट उघडलं, पट काढला, चष्मा पुसला, परत पुसला. खिडकीच्या गजांना बारा तोंडं चिकटलेली. “शिवांजली मल्लेश हत्तरगी,” मास्तर लिहितालिहिता वाचत होते. मल्लेश दारातून आत आला नाही. तो बाहेरच्या पायरीवर बसून बोटांनी डोळे चोळत होता आणि विचारणाऱ्याला ‘डोळ्यात सुताचं तूस गेलं’ म्हणून सांगत होता. वीजबंदच्या दिवशी कुठलं आलं सुताचं तूस!

त्रिशलाबाईंनी मास्तरांच्या हाताखालचं पान वळवून नीट बघितलं, शाई वाळेपर्यंत. मग खिडकीकडं तोंड करून हातानं सांगितलं: झालं. बाहेर जो कल्ला उठला, तो ऐकून ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. पोरींनी अंजीला उचलून शाळेच्या पाण्याच्या हौदाला तीन वेढे घातले, आणि अंजी सारखा खो देत राहिली, खो! खो! ज्याला त्याला, भिंतीला, झाडाला, मास्तरांच्या सायकलीला.

त्यानंतर उसाचा हंगाम लागला. एका दुपारी शेड भरात असताना शाळेचा शिपाई पिराजी दारात आला. तो बराच वेळ ओरडला. मग त्याला आठवलं आपण कुठं आलोय ते, आणि त्यानं हात उचलले. पिराजीचा बाप मागावरचा. त्याला ही भाषा येत होती.

तुझी पोरगी, त्यानं सांगितलं, आज शाळेत नाही. सहाजणी पळाल्यात. उसाच्या ट्रॉलीमागं. बाईंनी हजेरी घेतली. त्यानं हवेत बोटानं फुली मारली. गैरहजर.

दानम्माच्या हातातली कांडी तशीच राहिली. परत सांग, तिनं खूण केली.

पिराजीनं परत फुली मारली. गैरहजर. हेडमास्तर लई तापल्यात. आईला बोलवा म्हणाल्यात.

दानम्मा उठली. ती मल्लेशच्या मागापाशी गेली आणि त्याच्या नाकासमोर फुली मारली. मल्लेशला आधी समजेना. मग तो हसायला लागला. ती पुढच्या मागावर गेली, तिथं फुली मारली. त्याच्या पुढच्यावर. अख्ख्या शेडभर दानम्मा फुल्या मारत फिरली. पोरगी गैरहजर! माझी पोरगी गैरहजर! माणसं पोट धरून हसत होती आणि माग धडाडत होते.

शेवटच्या मागापर्यंत सगळ्यांना सांगून झाल्यावर तिनं पदर खोचला, कोपऱ्यातली काठी उचलली आणि रस्त्याला लागली. शाळा बुडवून ऊस खाते म्हणजे काय? आज तिला सोडायची नाही.